खलबत्त्यातली गोळी

वाचकहो, घरातील वृद्धांना गोळी गिळणे जड जाऊ लागले की आपण काय करता? बहुधा ती खलबत्त्यात कुटून मधातून चाटवता. आमच्याही घरी तेच चालले होते. आणि त्याच घरात पंचवीस वर्षांहून अधिक काळ रुग्ण तपासणारा एक डॉक्टर राहत होता. तो डॉक्टर म्हणजे मीच.

माझे वडील अहिल्यानगर जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. रस आटवून त्यातून साखरेचा दाणा तयार करणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला आणि गिळणे मंदावले. आई रक्तदाबाची गोळी कुटून देऊ लागली. मला तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. मी दवाखान्यातून रात्री परतल्यावर त्यांचा रक्तदाब मोजी. तो चढलेलाच असे. म्हणून मी मात्रा वाढवली. सकाळी त्यांना अंधारी येई, ती मी वयाच्या खाती टाकली. एके दिवशी मोरीत त्यांचा तोल गेला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून हाड वाचले.

त्याच आठवड्यात माझी मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. ती मुंबईला माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत केमिकल इंजिनिअरिंग शिकत होती. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ही संस्था सुरू झाली. २००८ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तरी जुनी मंडळी अजून ‘यूडीसीटी’च म्हणतात. प्रा. मनमोहन शर्मा १९६४ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तेथे प्राध्यापक झाले. एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात पदार्थ किती वेगाने जातो, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. १९९० साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अभियंते. डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्यांचेच विद्यार्थी.

अशा ठिकाणी आमची मुलगी पहिल्या सत्रात पार खचली होती. गावात पहिली येणारी ती. पण त्या वर्गात सगळेच आपापल्या गावचे पहिले! तिला सावरले ते प्रयोगशाळेने. शेवटच्या वर्षी तिचा प्रकल्प हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांवर होता. सहा काचपात्रे, प्रत्येकात ९०० मिलिलिटर द्रव, तापमान ३७ अंश. ठरावीक वेळाने नमुना काढायचा आणि औषध किती उतरले ते मोजायचे. कधी मध्यरात्र होई. तिथला एक दंडक तिने मला सांगितला होता : अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा खोडायचा नाही, वहीत लिहायचा.

आईच्या हातातला खलबत्ता पाहून ती थबकली. तिने गोळीची पट्टी मागितली. नावापुढे ‘ईआर’ अशी अक्षरे होती. मग एक वही घेऊन तिने दोन दिवस दर दोन तासांनी आजोबांचा रक्तदाब लिहिला. गोळीनंतर तो वेगाने खाली येई आणि सायंकाळपासून पुन्हा चढे. चोवीस तासांसाठीचे औषध सकाळीच अंगावर येत होते, आणि मी ते वाढवत होतो.

“आजोबा, खडीसाखर आधी विरघळते की पिठीसाखर?” तिने विचारले. वडील हसले. “दाणा बारीक, तितका विरघळायला उतावळा.” कारण असे : एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो, त्याचे एक मिलिमीटरचे घन केले की तो ६० होतो. शिवाय अशा अनेक गोळ्यांत ओलाव्याने फुगून जेलीसारखा थर धरणारा पदार्थ असतो. त्या थरातून औषध थोडे थोडे झिरपते. कुटले की तो बांधच फुटतो.

मी वडिलांची गोळी बदलली. कुटून देता येईल अशी, दोन वेळांत विभागून. अंधारी थांबली.

आपणही आज घरातल्या पट्ट्या पाहा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरे असतील, तर ती गोळी कुटू नका, चावू देऊ नका. जठरातील आम्लापासून वाचवणारे आवरण असलेल्या गोळ्यांनाही हाच नियम. काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते. त्यांतील काहींचे दोन तुकडे चालतात, पण तेही विचारूनच करा. अक्षरे नसली तरी कुटण्यापूर्वी विचारा. मात्र औषध मनाने बंद करू नका. गिळायला त्रास होतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पातळ औषध किंवा दुसरी गोळी बहुधा मिळू शकते. रक्तदाब वेगवेगळ्या वेळी मोजून वहीत लिहा.

आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी गोळी कशी देता ते आपणहून सांगा. मी आता प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या घरच्यांना ते विचारतो. वडिलांना विचारायला मात्र मला उशीर झाला होता.