काकांनी खोडलेली यादी

आमच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवायला जे सुतारकाका आले, त्यांच्यामुळे मी लाकूडकाम शिकले. तोवर चाळिशी उलटली होती, बँकेतली नोकरी चालू होती आणि लाकडात काही करावं ही इच्छा कित्येक वर्षं मनातच राहिली होती. इच्छेच्या जोडीला एक लांबलचक यादी तेवढी तयार होती. तिच्यात गोल करवतीचं मशीन होतं, राउटर होता, सँडर होता, पटाश्यांचा अख्खा संच होता. एका दुपारी चहा देताना धीर करून ती काकांपुढे ठेवली.

काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि शांतपणे एकेक ओळ खोडत गेले. उरली ती एक करवत, एक रंधा, चार सुती आणि आठ सुती अशा दोन पटाश्या, काटकोन तपासायचा गुण्या आणि हातोडी. सगळ्यांत खाली त्यांनी आपल्या अक्षरात एका वस्तूची भर घातली. धारेचा दगड.

“ताई, दगड आधी घ्या. दुकानातून येते ती पटाशी अर्धीच झालेली असते.”

त्याचा अर्थ पुढच्या रविवारी कळला. नव्या पटाशीची पाठ त्यांनी दगडावर आडवी धरून घासली, तेव्हा ती मधूनमधूनच चमकली, म्हणजे सपाट नव्हतीच. आधी पाठ सपाट करायची, मग पंचवीस अंशांचा उतार आणि अगदी टोकाला तीस अंशांची बारीक धार. घासता घासता मागच्या बाजूला लोखंडाची पातळ कड वळून येते. ती बोटाला लागली की समजायचं, दगड टोकापर्यंत पोचला. मग पाठ पुन्हा एकदा आडवी फिरवून ती कड काढून टाकायची. धारेची परीक्षा काका पॅकिंगच्या खोक्यातल्या मऊ फळीवर घ्यायचे, तीही फळीच्या टोकाला, जिथे रेषे तुटलेले दिसतात तिथे. बोथट पटाशी मऊ लाकूड चिरडते. धार असेल तरच कापाची जागा गुळगुळीत निघते. ही एक गोष्ट ते मला न कंटाळता परत परत करायला लावत. इतका वेळ मला आधी कुणीच दिला नव्हता.

खरेदीलाही तेच बरोबर आले. बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानात त्यांनी सरळ कडेची एक फळी मागून घेतली, गुण्या तिच्या कडेला टेकवून रेघ मारली, गुण्या उलटा केला आणि त्याच टोकापासून दुसरी रेघ मारली. रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढं अंतर दिसतं, त्याच्या निम्मी त्याची चूक. नुसत्या नावावर घेतलेल्या महागड्या गुण्यापेक्षा असा तपासून घेतलेला साधा गुण्या बरा, असं मी आज ठामपणे म्हणते, पण हे मत मुळात त्यांचं आहे.

रंधा मात्र त्यांनी विकत घेऊ दिला नाही. आपल्या पोत्यातून एक जुना लाकडी रंधा काढून दिला. त्याचं पातं पाचरीने घट्ट केलेलं असतं. पात्याच्या डोक्यावर हलकं ठोकलं की ते पुढे येतं, रंध्याच्या मागच्या टोकाला ठोकलं की मागे सरतं. तुम्हाला लागणार नाही का, असं मी विचारलं. “प्लायला रंधा कशाला लागतो?” ते म्हणाले.

त्या उत्तराने मी बराच काळ अस्वस्थ होते. काकांनी कोकणात वडिलांच्या हाताखाली दारं, चौकटी, देव्हारे केले होते. रेषे कुठे वळतात, उलट्या बाजूने रंधा मारला तर लाकूड कसं उचकटतं, हे त्यांना फळी हातात घेताच कळे. शहरात आल्यापासून काम होतं ते प्लाय कापायचं आणि सनमायका चिकटवायचं. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे तो फारसा फुगत-आकसत नाही आणि सुताराच्या त्या जाणतेपणाची त्याला गरजच पडत नाही. जे त्यांनी वडिलांचा मार खात, पोटासाठी मिळवलं, ते मला रविवारच्या फुरसतीत, छंद म्हणून मिळत होतं. सुरुवातीचे काही रविवार त्यांनी रोजची मजुरी घेतली, ते योग्यच होतं. पुढे घेईनात. “शिकवायचे घेतले. आता नुसतं बघतो, त्याचे काय घ्यायचे?”

पहिली वस्तू त्यांनी पाट ठरवली. मला वाटलं, फळीखाली दोन पट्ट्या चिकटवल्या की झालं. काकांनी फळी पुढ्यात घेऊन समजावलं: लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. पट्टी फळीला आडवी असते, म्हणजे ती फळीबरोबर हलत नाही. सरसाने जखडली तर एखाद्या उन्हाळ्यात फळी तडकणार. म्हणून फळीत आत रुंद होत जाणारी खाच घ्यायची आणि तशाच आकाराची पट्टी तिच्यात बाजूने सरकवायची, सरस न लावता. फळी वाकत नाही आणि हलायला मोकळी राहते. ती खाच खोदताना माझ्या हाताचा कोन ढळला की ते मनगटाला नुसतं बोट लावून सुधारत. पुढे टेबल केलं, पुस्तकांचं कपाट केलं. प्रत्येक वेळी लाकूड कुठल्या दिशेने हलणार हे आधी पाहिलं, ते त्या पाटापासून. आज माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, शिकंजे आहेत. पण प्रत्येक हत्यार एखाद्या कामात अडल्यावरच घेतलं, आधी नाही. ही शिस्त त्यांच्या पेन्सिलीने लावली.

काका आता गावी असतात. करवतीला कानस लावणं आणि तिचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवणं माझं शिकायचं राहून गेलं आहे. फोनवर सांगून ते जमण्यासारखं नाही, असं ते म्हणतात. दिवाळीनंतर या, येताना तिधारी कानस आणा, इथे चांगली मिळत नाही, असा निरोप आहे. रजेचा अर्ज दिला आहे.