रक्ताविना यकृत

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी पंधरा दिवस एक यकृत भाजत होतो. लॅपटॉपवर, अर्थात.

उपचार मात्र खरा आहे. यकृतातल्या गाठीत सुईसारखा बारीक अँटेना घालायचा, 2.45 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या आणि गाठ जागच्या जागी शिजवायची. 60 अंशांच्या वर पेशी जवळपास लगेच मरतात. किती वेळात किती भाग तापेल, हे आधी संगणकावर काढणं हा माझा प्रोजेक्ट. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचीही फ्रिक्वेन्सी हीच. पेडण्याच्या घरी आई त्यात कालचं हुमण ठेवते, तेव्हा कडेचा रस उकळतो नि मधला बांगडा गारच. लहरी ओल्या पदार्थात फार खोल शिरत नाहीत, म्हणून इथे अँटेनाच आत न्यावा लागतो.

माझ्या पडद्यावर पेरूएवढा लालभडक गोळा उमटायचा. मी खूश.

शिगम्याच्या सुट्टीत डिचोलीला मामाकडे गेलो. मामा कुळागरात होता, पाय चिखलात, हातात फावडं; सुपारीच्या बुडांशी पाट वळवत होता. बांधावर बसून त्याला चित्र दाखवलं. त्याने डोळे बारीक केले.

"आनी रगत खंय आसा?"

मला कळेना. मामा म्हणाला, पाटाच्या कडेला पातेरा पेटवून बघ, पाण्याकडची माती कधी तापत नाही. वाहतं पाणी ऊब घेऊन जातं.

रात्री फाइल उघडली. चाचणीसाठी रक्तप्रवाहाच्या रकान्यात मीच शून्य टाकलं होतं आणि विसरलो होतो. सूत्रात रक्ताला जागा होतीच. हॅरी पेनेस यांनी माणसांच्या हातांत, कोपराखाली, तापमान मोजणाऱ्या तारा घालून 1948 मध्ये ती करून ठेवली होती. पंधरा दिवस मी मेलेलं यकृत भाजत होतो!

सेकंदाला 0.0036 हा नेहमीचा आकडा घातला. तेच 10 वॅट, तीच 10 मिनिटं. पेरूचं लिंबू झालं.

तरी हा आकडा सगळ्या यकृताला सरसकट लावलेला. गाठीला मोठी शीर खेटून असेल तर ती बाजू गार राहते आणि तिथल्या पेशी वाचू शकतात. माझ्या मॉडेलमध्ये शीर एकही नव्हती. मार्क चांगले पडले, पण ते मॉडेल रुग्णाच्या कामाचं नव्हतं.