निमोचं घर

"बाबा, यात नुसतं पाणीच आहे."

हॉलमधल्या दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीसमोर उभं राहून माझ्या लेकीने हे वाक्य सलग पाच-सहा आठवडे ऐकवलं. आई तर तिच्याही पुढची. तिने शेजारच्या काकूंना सांगूनच टाकलं होतं, "आमच्याकडे कुणी मासे पाळत नाही हो, आमचा मुलगा मिठाचं पाणी पाळतो!" :-)

झालं असं, की लेकीने 'फाइंडिंग निमो' पाहिला. सिनेमा २००३ चा, पण पोरांना त्याचं काय! तिला निमो नकोच होता, निमोचं घर हवं होतं. ते हलणाऱ्या बोटांचं, पाण्यात झुलणारं घर. म्हणजे सी ॲनिमोन, अर्थात समुद्रपुष्प. नावात पुष्प असलं तरी तो प्राणी आहे. तळाला एक पाय, वर तोंड, तोंडाभोवती दंशपेशींनी भरलेली बोटं. क्लाउनफिशच्या अंगावर चिकट थर असतो, त्यामुळे त्याला डंख होत नाही. बाकीच्यांनी लांबच राहावं.

मी एस्टिमेट दिलं : दोन वीकएंड. एस्टिमेट चुकणं हा आमच्या धंद्यातला जुनाच आजार, पण इतकं मी आयुष्यात कधी चुकलो नव्हतो.

पहिला धडा पाण्याचा. पुण्यात समुद्र नाही, तो घरी बनवावा लागतो. आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम खास मीठ विरघळवायचं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही असतं. माझ्या टाकीला सहा किलोच्या वर मीठ लागलं. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास आली की समुद्र तयार. दुकानदार 'लाइव्ह रॉक'ही देतो म्हणाला. पण २००१ पासून प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्या दगडांवर नक्की काय काय चिकटून आलंय हे मला कळणार नव्हतं. मी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घेतले.

दुसरा धडा वाट बघण्याचा. टाकीत पहिला रहिवासी म्हणून मी काय टाकलं असेल? मंडईतून आणलेली एक मेलेली कोळंबी! ती कुजते, अमोनिया तयार होतो. एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं त्यामानाने सौम्य, थोडं थोडं पाणी बदलून कमी करता येणारं. हे जीवाणू दगडांवर आणि वाळूत आपोआप वाढतात, पण त्यांच्या वेगाने. तिथे सर्व्हर वाढवून काम लवकर होत नाही. रोज रात्री मी परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघायचो. अमोनियाचा हिरवा रंग उतरून पिवळा व्हायला आणि नायट्राइटचा जांभळा जायला सहा आठवडे लागले. मधल्या काळात दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं आणि बायको म्हणाली, "अरे, हे आता गटारासारखं दिसायला लागलंय."

मधे एक बगही घुसला. टाकीतलं पाणी उडतं म्हणून मी इमानदारीत रोज मिठाचं पाणी भरत होतो. घनता १.०२९! मग डोक्यात प्रकाश पडला. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. भर घालायची ती गोड्या पाण्याची. शाळेत मिठागराचा धडा शिकलेला माणूस मी. असो.

तिसऱ्या महिन्यात टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी आली. ॲनिमोन मात्र आणखी चार महिने नाही, कारण नव्या टाकीतले चढउतार त्याला सोसत नाहीत. त्या काळात आम्ही दुकानात नुसते बघायला जायचो. लेकीला एक पांढराशुभ्र ॲनिमोन फार आवडला. दुकानदार म्हणाला, "दुर्मिळ रंग आहे साहेब." तोवर माझं थोडं वाचून झालं होतं. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि यजमानालाही देतं. तपकिरी, हिरवट छटा बऱ्याचदा त्याचीच. पांढरा पडलेला ॲनिमोन म्हणजे ते शैवाल गमावून बसलेला, उपाशी प्राणी. लेकीला सांगितलं, "तो आजारी आहे." ती म्हणाली, "मग आपण त्याला बरं करू ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तपकिरी घेतला, बोटांची टोकं फुग्यासारखी असलेला.

पहिल्या आठवड्यात मासे त्याच्याकडे फिरकलेही नाहीत. नवव्या दिवशी मोठी मादी त्यात शिरली आणि लोळली. लेक टाकीसमोर जेवली, तिथेच झोपली. खरं सांगतो, एवढं समाधान मला कुठल्याच रिलीजनंतर मिळालेलं नाही.

ॲनिमोन चालतो, हे मला माहीत होतं. जागा पसंत पडली नाही की तो पाय सोडून हळूहळू सरकतो. म्हणून लाटा करणाऱ्या पंपाच्या तोंडावर स्पंजची जाळी लावायची, हे माझ्या यादीत लिहिलेलं होतं. स्पंज आणलेलाही होता. टेबलाच्या खणात. ऑफिसात तो आठवडा गडबडीचा होता, म्हटलं, पुढच्या शनिवारी लावू.

मंगळवारी पहाटे पाणी दुधाळ दिसलं. पंप घरघरत होता. पुढचं वर्णन करत नाही.

दंशपेशींनी भरलेला प्राणी असा फाटला की सगळी टाकी विषारी होऊ शकते. बादल्या काढल्या, बायकोने सुट्टी टाकली, दुपारपर्यंत आम्ही मीठ कालवत होतो आणि अर्ध्याहून जास्त पाणी बदललं. मासे वाचले. संध्याकाळी लेकीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "समुद्रात पंप असतो का?"

"नसतो."

त्या रात्री वाचता वाचता एडिंबरोच्या 'ग्रॅनी'ची गोष्ट सापडली. सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८ मध्ये नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणला आणि काचेच्या बरणीत ठेवला. पंप नाही, एलईडी नाही, नेमाने बदललेलं समुद्राचं ताजं पाणी फक्त. डॅलिएल १८५१ मध्ये गेला. ग्रॅनी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात १८८७ पर्यंत जगली. किमान ५९ वर्षं. माझ्या टाकीत माझा ॲनिमोन जगला तेवीस दिवस. आणि कमी काय पडलं? पैसे नाहीत, ज्ञान नाही, स्पंजही नाही. दहा मिनिटं.

ऑफिसात मी 'पुढच्या स्प्रिंटमध्ये' म्हणतो तेव्हा एखादा रिपोर्ट उशिरा जातो. इथे मी समुद्राची नोकरी घेतली होती, आणि समुद्र शनिवारची वाट बघत नाही.

पुढचे आठ महिने टाकीत फक्त मासे होते. ते कुंडीच्या फुटक्या खापरात मजेत राहायला लागले. ॲनिमोनशिवाय त्यांचं काही अडत नाही, अडत होतं ते आमचं. समुद्रातून उचललेला प्राणी परत विकत घ्यायचा नाही, एवढं ठरलं होतं. मग मुंबईतल्या एका हौशी माणसाकडचा ॲनिमोन मधोमध विभागून त्याचे दोन झाले (हो, ते असं करतात), आणि त्याने एक आम्हाला देऊ केला. मी पिशवी घेऊन घरी पोचलो तेव्हा स्पंज लागून दोन आठवडे झाले होते. लेकीने स्वतः ओढून पाहिला होता.

परवा रात्री तो चालायला लागला. आम्ही तिघं दिवे मालवून, टॉर्च घेऊन बसलो होतो. आई मागे खुर्चीत. तो तासभर सरकत पंपापर्यंत गेला, स्पंजला एक बोट लावलं, थांबला आणि दगडाकडे वळला.

"गेला बाई एकदाचा," आई म्हणाली आणि झोपायला गेली.