कारणाचा रकाना

एन-7, सिडको,
छत्रपती संभाजीनगर

चि. बाळ,


परवा फोनवर मी नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. चिऊ तुझ्या शेजारीच बसलेली होती आणि तिच्यादेखत तुला बोलणं माझ्या जिवावर आलं. पण फोन ठेवल्यापासून तुझं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. शाळेत तिला वडिलांच्या गावाविषयी चार ओळी बोलायच्या होत्या आणि तू तिला सांगितलंस, "बाबा नंबराच्या वसाहतीत वाढले, तिथे सांगण्यासारखं काही नाही." वर मला तुमच्या गावाच्या वेशीवरच्या पाटीचा फोटो पाठवलास. नाव, स्थापनेचं साल, लोकसंख्या. सेंट लुईसच्या भोवती अशी ऐंशीहून अधिक छोटी शहरं आहेत, प्रत्येकाचा कारभार वेगळा, हे सगळं तू कौतुकाने सांगत होतास. पाटी छान आहे, नावं ठेवत नाही मी. पण नाव, साल आणि आकडा एवढ्यावर गावाचा इतिहास होतो, हे तुला कोणी शिकवलं? मी तरी नव्हतं शिकवलं.

1991 चा फेब्रुवारी आठवतो का तुला? नऊ तारखेपासून मी शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवून जनगणनेला निघायची. आपल्या घरांच्या ओळी माझ्याच गटात होत्या. आणि अठ्ठावीस तारखेच्या रात्री, बेघरांची मोजणी करायची होती तेव्हा, बॅटरी धरायला तू आला होतास. वहिनी "थंडीत कुठे नेताय त्याला" म्हणत होती, तू हट्टाने मफलर गुंडाळून निघालास. जालना रोडच्या कडेला सिमेंटच्या मोठ्या नळ्या पडलेल्या होत्या, त्यांत पाटोद्याकडचं एक कुटुंब राहत होतं. दिवसा ती माणसं वसाहतीतली घरं बांधत आणि रात्री नळीत निजत. म्हाताऱ्याला मी विचारलं, गाव का सोडलं? तो काहीच बोलला नाही. तेव्हा तू, दहा वर्षांचा पोर, त्याच्याजवळ जाऊन बसलास आणि म्हणालास, "आजोबा, तुमच्या विहिरीला पाणी नव्हतं का?" मग तो बोलायला लागला. अर्धा तास बोलत होता. आणि आता तूच म्हणतोस, सांगण्यासारखं काही नाही!

त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, आधीचं ठिकाण का सोडलं? नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर, आणि त्यांतच दुष्काळ-पुरासारखी नैसर्गिक आपत्ती. आपत्तीचं हे कारण 1991 ला नव्याने घातलं होतं आणि 2001 ला काढून टाकलं. माझं मन अजून त्याला राजी नाही. मराठवाड्यातल्या माणसाला गाव का सोडलंस विचारायचं आणि उत्तरांच्या यादीत दुष्काळच ठेवायचा नाही? 1972 चा दुष्काळ तुझ्या वडिलांच्या, दादाच्या तोंडून तू लहानपणी किती वेळा ऐकलास. खडी फोडायला गेलेला मास्तर तो. नवी मुंबईसाठी 1970 ला निघालेल्या सिडकोकडे नवीन औरंगाबाद वसवायचं काम आलं तेही 1972 लाच. एका बाजूला गावं ओस पडत होती, दुसऱ्या बाजूला ओळींचे नकाशे आखले जात होते. ज्याच्या घरात ही दोन्ही एकत्र आली, त्याने आपल्या वसाहतीला इतिहास नाही म्हणावं?

ऐक, मी मोजलेली आपलीच ओळ सांगते. कोपऱ्यावरचे केजचे, बँकेत बदलीवर आलेले. त्यांच्या शेजारी अंबडचं कुटुंब, चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारं. मग सिंदखेडराजाकडचे, पोरांच्या कॉलेजसाठी आलेले. आणि चौथ्या घरातल्या काकू, ज्यांच्याकडे तू शेंगदाण्याची पोळी खायला पळायचास. जिंतूरकडचं त्यांचं गाव. 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर खेड्याखेड्यांतून दलित वस्त्यांवर जे गुदरलं, त्यात त्यांचं घर जळालं. एका पेटीनिशी आल्या होत्या. कारणात काय लिहू, म्हणून मी पेन धरून बसले. काकू म्हणाल्या, "बाई, लिहा की जे बसतंय ते." बसत काहीच नव्हतं. मी "इतर" लिहिलं. पस्तीस वर्षं होत आली, तो एक शब्द मला अजून टोचतो. 2011 च्या जनगणनेत या शहरात शंभरांत पंधरा माणसं बौद्ध निघाली. बाबासाहेबांचं नागसेनवनातलं 1950 चं मिलिंद महाविद्यालय त्यामागे आहे, आणि त्या काकूंची पेटीही आहे. आकडा पाटीवर लिहिता येतो, पेटी कुठे लिहिणार?

आणि तुझ्या आईचं काय लिहिलं, ते ठाऊक आहे? "लग्न." नियमाप्रमाणे तेच बसत होतं. वहिनी माझ्याशी भांडली. म्हणाली, "वन्सं, शिक्षण लिहा. कॉलेजच्या गावचा मुलगा असेल तरच बोहल्यावर उभी राहीन, असं मी वडिलांना सांगितलं होतं." तिच्या गावात शाळा सातवीपर्यंत. तू बालवाडीत असताना तिने बाहेरून बी.ए. केलं, ओट्याशी उभी राहून पाठांतर करायची. मी लग्नच लिहिलं, नियम होता ना. आपल्या ओळींतल्या जवळजवळ सगळ्या बाया लग्न नाही तर कुटुंबाबरोबर यांत गेल्या. जनगणनेचे तक्ते बघणाऱ्याला वाटेल, या बायकांना कोणीतरी उचलून इथे आणून ठेवलं. चिऊला आधी हे सांग. तिची आजी या शहरात शिकायला आली होती.

तू म्हणशील, आत्या, ही तर चार घरांची कहाणी झाली, गाव कुठे आहे यात? अरे, हे शहर पहिल्यापासून असंच वसलंय. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. तो जन्माने हबशी, गुलाम म्हणून विकला जात जात इथवर आलेला. त्याला जन्मस्थान विचारलं असतं तर तोही परदेश म्हणाला असता. 1653 मध्ये औरंगजेबाने नाव बदललं, आणि मग ज्याची छावणी त्याचा पुरा. बिकानेरच्या कर्णसिंहांचा कर्णपुरा, त्यांच्या मुलाचा पदमपुरा, मिर्झाराजांचा जयसिंगपुरा. उपनगरंच की ती! बावन्न पुरे, बावन्न दरवाजे म्हणायची पद्धत आहे आपल्याकडे. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला तू खांद्यावर बसून जायचास, ती एका राजस्थानी सरदाराच्या नावाची वस्ती आहे, हे तेव्हा तुला सांगायचं राहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं आणि घरच्या पोराला सांगायचं राहिलं. पुढे सिडको-हडको आली, ती पुऱ्यांच्याच ओळीत. सरदाराच्या जागी नंबर आला, एवढंच. त्यानंतर 1985 ला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि वाळूजला बजाजनगर उभं राहिलं. छोट्या पंढरपूरच्या आषाढीला निघालेली माणसं ऐक कधी, मराठवाडा-विदर्भातल्या सगळ्या बोली एका रस्त्यावर कानी पडतात. 1971 ला दीड लाखाच्या आसपास असलेलं शहर 1991 ला 5,73,272 वर गेलं आणि 2011 ला 11,75,116 वर. यातले निम्मे तरी कारण सांगत आले असतील. ती कारणं कोणी जपली का?

आता तुझ्या पाटीकडे येते. मागे तू म्हणाला होतास, घराची कागदपत्रं चाळताना 1940 च्या खरेदीखतात एक ओळ सापडली, हे घर गोऱ्याखेरीज कोणाला विकायचं नाही, राहायलाही द्यायचं नाही. तू हसलास आणि विषय बदललास. मला त्या रात्री झोप लागली नाही रे. मी वाचनालयात जाऊन शोधलं. 1948 मध्ये तुमच्या सुप्रीम कोर्टाने अशा अटी न्यायालयांतून राबवता येणार नाहीत असा निकाल दिला, आणि तो खटला सेंट लुईसमधल्याच एका घराचा होता. घरं विकताना वंश बघण्यावर बंदी घालणारा कायदा यायला 1968 उजाडलं. म्हणजे तुझ्या वेशीवरच्या लोकसंख्येत कोण आहे याच्याइतकंच कोणाला येऊ दिलं नाही, तेही आहे. ती ओळ आज निर्जीव आहे असं तू म्हणालास, असेलही. पण तुझी सावळी पोर त्या घरात पाढे म्हणते. ती ओळ तिला दाखव. तिच्या शहराचा खरा इतिहास पाटीवर नाही, त्या कागदात आहे.

आपल्याकडे असा कागद नव्हता. उत्पन्नाच्या गटाप्रमाणे घरं होती, अर्ज भरला, चिठ्ठी निघाली आणि शेजार ठरला. केजचे देशमुख वळणाचे लोक आणि जिंतूरच्या काकू यांच्यात एक भिंत सामायिक, हे गावाकडे शक्य होतं का? सुरुवातीला काही घरांत पाण्याचे पेले वेगळे होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. हळूहळू वाटीची देवाणघेवाण सुरू झाली, आणि 1991 ला तर काकूंच्या पोळीवरून तुम्हा पोरांची मारामारी. माझी श्रद्धा आहे, बाळ, माणसाने निवडलेल्या शेजारापेक्षा चिठ्ठीने दिलेला शेजार माणसाला जास्त शिकवतो. पण खोटं सांगणार नाही. माझ्या गटात मुसलमानांची घरं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि 1988 च्या दंगलीनंतर त्यांतलीही काही उठून जुन्या शहरात गेली. खरेदीखतात अट घालावी लागली नाही, भीतीने ते काम केलं. पुढच्या गल्लीतले ते घड्याळ दुरुस्त करणारे चाचा आठवतात ना? सामान टेम्पोत चढत होतं आणि ते आपल्या दादाचं घड्याळ द्यायला आले होते, पैसे घेतले नाहीत. मला त्यांचा पत्ता विचारायचं सुचलं नाही.

आणि जमीन? मुकुंदवाडीकडून दूध घालायला यायची ती आजी. पहिल्या दिवशी उंबऱ्यावर बसून म्हणाली होती, "हितं आमची जवारी असायची." वहिनीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. त्यानंतर दरवर्षी संक्रांतीला पहिलं वाण त्या आजीला. तू विचारलं होतंस, आजीला आधी का? तेव्हा कोणी उत्तर दिलं नाही, आज देते. तिच्या सातबाऱ्यावर आपली ओळ उभी आहे.

आता मूळ गोष्ट. घर विकायचं म्हणतोस. दादा-वहिनी गेल्यापासून चार वर्षं कुलूप आहे, माझ्याच्याने आता वरचेवर झाडलोट होत नाही, पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते, सगळं मान्य. पण आपल्या ओळीत सध्या किती घरांना कुलूप आहे, सांगू? संध्याकाळी मी मोजते, सवयच ती. कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाचा कॅनडात. काकूंची नात बंगळुरूला. जिथे दिवा लागतो तिथे माझ्याच वयाचं एखादं माणूस. 2011 नंतर मोजणी झालेली नाही, आता 1 मार्च 2027 ही तारीख ठरली आहे. तुझ्या दारासमोर येऊन एखादी शिक्षिका माझ्याकडे विचारायला वळेल, इथे कोण राहतं? मी काय सांगू तिला? 2020 ला तिकडे तुम्ही तिघं मोजले गेलात. इथे नाही तुम्ही कुठेच. आणि तिकडे तरी, बाळ, तुला कोणी कधी विचारलं का, घर का सोडलंस? मी विचारलं तर तू नोकरी म्हणशील. मला ते पुरत नाही. घर सोडलंस तेव्हा तू रागाने गेलास हे दादाला कळलं होतं. तो बोलला नाही कधी.

हे लिहायचं नव्हतं, लिहून गेले. खोडत नाही.

जेवण वेळेवर करतोस ना? सूनबाई म्हणाली रात्री दोन-दोनपर्यंत जागतोस. चिऊशी घरात मराठी बोला, ती मला "आत्या आजी" म्हणताना अडखळायला लागली आहे. नळीतल्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट तिला तू सांग, मी सांगितली तर फोनवर अर्धी ऐकू येते.

विकण्याच्या कागदावर सही करण्याआधी एकदा ये. डिसेंबरात ये, हुरडा असतो. वहिनीची बी.ए.ची वह्या-पुस्तकं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, ती मी कुणाला काढू दिलेली नाहीत. किल्ली माझ्याकडे आहे, देवघराच्या खालच्या खणात.

तुझी,
आत्या