पेटी नंतर, फाइल आधी

घरातल्या चित्रफितींना आपल्याकडचा पावसाळा मानवत नाही. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेल्या कॅसेटींवर बुरशी धरते. लग्नाच्या डीव्हीडीवर मार्करने लिहिलेली नावं शाबूत राहतात आणि आतलं लग्न मात्र अडखळत अडखळत सप्तपदीपाशी थांबतं. मग कधीतरी घरात ठराव होतो: सगळं एकदाचं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं, एका पेटीत भरावं, पेटी राउटरशेजारी ठेवावी आणि हॉलमधल्या टीव्हीला मुलांचा गेमिंग कन्सोल जोडलेलाच आहे, त्यावर बघावं. ही पेटी म्हणजे नॅस, पोटात एक-दोन हार्डडिस्क घेऊन घरच्या नेटवर्कवर रात्रंदिवस जागी राहणारी. ठराव चांगलाच आहे. गाडी घसरते ती पुढच्या प्रश्नाला: कोणती नॅस घ्यायची? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आपल्या कन्सोलला काय वाचता येतं ते आधी पाहावं, फाइल त्याला झेपेल अशी करून घ्यावी, आणि पेटी मग मिळेल तितकी साधी घ्यावी.

दुकानात मात्र बोलणं सुरू होतं ते वेग आणि टेराबाइट यांवरून. वेगाचा हिशेब एकदा कागदावर मांडला की त्या बोलण्यातली हवाच निघून जाते. डीव्हीडीचं चित्र सेकंदाला जेमतेम १० मेगाबिट मागतं, ब्लू-रेचं फार तर ४०. साधी हार्डडिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या पुढे वाचते, म्हणजे ८०० मेगाबिट. गिगाबिट केबलची क्षमता १००० मेगाबिटची. थोडक्यात, एका चित्रपटापुरतं बोलायचं तर स्वस्तातली पेटीही गरजेच्या कितीतरी पट पुरवते. चित्र अडकतं ते हवेत. सोनीच्या पहिल्या पीएस३ (प्लेस्टेशन ३) मधलं वायफाय नावाला ५४ मेगाबिटचं होतं, हाती त्याच्या निम्म्यानेही लागत नसे, आणि मधे दोन भिंती आल्या की उरलेलंही आटायचं. तिथे महागडी नॅस काही करू शकत नाही. काही मीटर केबल करते. टेराबाइटचंही तेच. मिनीडीव्ही कॅसेटवरचं चित्र सेकंदाला २५ मेगाबिटचं, आवाज वगैरे धरून तासाला सुमारे १३ गिगाबाइट. तेच एच.२६४ या आटोपशीर प्रकारात ५ मेगाबिटला बसवलं की तास सव्वादोन गिगाबाइटमध्ये मावतो आणि ४ टेराबाइटच्या डिस्कवर सतराशेहून अधिक तास राहतात. एवढी लग्नं, मुंजी आणि बारशी एका घराण्यात झाली असली, तरी ती बघत बसणारा पाहुणा मिळायचा नाही.

खरी मेख कन्सोलच्या बाजूला आहे. नॅस फाइल नुसती पुढे करते. ती उलगडून तिचं चित्र करायचं काम कन्सोलचं, आणि यात प्रत्येक यंत्राचे नखरे वेगळे. २००६ साली आलेला पीएस३ नेटवर्कवरून एमपी४ फाइल खुशाल घेतो, एमकेव्ही प्रकारच्या फाइलला मात्र हात लावत नाही. २०१३ मध्ये पीएस४ आला तेव्हा घरच्या नेटवर्कवरचे व्हिडिओ बघायची सोयच त्यात नव्हती. २०१५ च्या जूनमध्ये ती मीडिया प्लेयर या नावाने आली, एमकेव्हीसकट. २०२० च्या पीएस५ मधून ती पुन्हा गायब. यूएसबीवरची फाइल तिथे चालते, पण नॅसमधली बघायची तर प्लेक्ससारखं तिऱ्हाइताचं ॲप लागतं. यंत्र नवं झालं म्हणून शहाणं झालं, असा नियम या व्यवहारात नाही. उपकरणं एकमेकांशी जुळतात असं सांगणाऱ्या, खोक्यावरच्या डीएलएनएच्या शिक्क्यावरही फार विसंबू नये. २००३ साली स्थापन झालेली आणि २०१७ मध्ये विसर्जित झालेली ती संस्था. घरातल्या उपकरणांसाठी तिने व्हिडिओचा सक्तीचा प्रकार ठेवला होता तो एमपीईजी-२, बाकीचे ऐच्छिक. पत्रिका जुळली म्हणून संसार जमतोच असं नाही, तशी शिक्का असलेली दोन उपकरणं एकमेकांना ओळखत, पण फाइल चालेलच याची हमी कुणी देत नसे. शिवाय फाइलच्या शेपटावरून तिच्या आत काय आहे ते कळत नाही. आजचे बरेच फोन एचईव्हीसी या नव्या प्रकारात चित्रण करतात. ते पीएस३ ला कळत नाही आणि पीएस४ च्या मीडिया प्लेयरलाही कळत नाही.

यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: ट्रान्सकोडिंग करणारी नॅस घ्या, कन्सोल मागेल त्या रूपात ती फाइल जागच्या जागी बदलून देईल. हे खोटं नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाची सोय आहे, तिच्यामुळे हे काम हलकं होतं. स्वस्त एआरएम चिपवरच्या पेट्या मात्र मोठ्या फाइलपुढे धापा टाकतात. तरी या उत्तरात मला दोन गोष्टी खटकतात. एक तर जे काम एकदा करून संपलं असतं ते दर खेपेला करायचं, आणि तेवढ्यासाठी महागडी चिप चोवीस तास पोसायची. दुसरं म्हणजे ही सोय आपल्या मालकीची राहत नाही. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२४ मध्ये पेटीच्या डीएसएम प्रणालीची ७.२.२ आवृत्ती आणताना व्हिडिओ स्टेशन हे आपलं ॲप बंद केलं आणि एचईव्हीसी बदलून देण्याचं कामही पेटीकडून काढून घेतलं. पेटी तीच, तिचा गुण गेला. पुण्याच्या घरातली नॅस न्यू जर्सीतल्या लेकीला प्लेक्सवरून दाखवायची, तर एप्रिल २०२५ पासून त्यालाही पैसे पडतात. साध्या एमपी४ फाइलचं असं काही होत नाही. सॉफ्टवेअर अपडेट झालं म्हणून ती आपला गुण विसरत नाही.

फाइल बदलली की चित्र खराब होतं, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे, पण अर्धाच खरा. पुष्कळदा एमकेव्हीच्या आतलं चित्र एच.२६४ मध्येच असतं. अडचण वेष्टणाची असते. एफएफएमपेग नावाच्या मोफत प्रोग्रामने ते वेष्टण बदलता येतं, आतल्या चित्राला धक्काही लागत नाही. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी हँडीकॅमचं चित्रणही मुळात एच.२६४. खरोखर नव्याने घडवाव्या लागतात त्या जुन्या कॅसेटी आणि फोनमधल्या एचईव्हीसी फाइली. कॅसेटीवरच्या पाल पद्धतीच्या चित्राचे एकाआड एक रेषांचे दोन भाग असतात, ते नीट सांधले नाहीत तर फेर धरलेल्या बायकांच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. हे सांधकाम रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून एकदा सावकाश करून घेणंच बरं. मूळ फाइल मात्र फेकू नये. ती वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

ओटीटीच्या काळात हा खटाटोप कशाला, असंही कोणी विचारेल. प्लेस्टेशनच्या दुकानाने ३१ ऑगस्ट २०२१ पासून चित्रपट आणि मालिका विकणं थांबवलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोनीने जाहीर केलं, की ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या संग्रहातून जातील. त्याच महिन्यात तो निर्णय फिरवला हे खरं, पण विकत घेतलेल्यावर हक्क कुणाचा ते तेवढ्यात कळून चुकलं. आणि घरातलं बारसं तर कुठल्याच ओटीटीवर यायचं नाही.

एक हरकत मात्र मी निमूट मान्य करतो: बघणारी खोली एकच असेल तर नॅस घेऊच नका, यूएसबी डिस्क पुरे. फक्त पीएस३ ला ती फॅट३२ या मांडणीत लागते, आणि तिथे कोणतीही एक फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जात नाही. दोन-तीन खोल्यांत बघणारे असतील तर दोन डिस्कची साधी नॅस घ्या. तिच्यातली दुसरी डिस्क पहिलीचं प्रतिबिंब असते. चुकून पुसलेली फाइल तीही त्याच क्षणी पुसते, म्हणून तिला बॅकअप समजू नका. चिपवर वाचलेल्या पैशांत तिसरी डिस्क घेऊन ती भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा आणि पेटीला एक लहान यूपीएस जोडा. पण त्या सगळ्याआधी एका पेनड्राइव्हवर आपल्या घरातल्या तीन फाइली घ्या, एक कॅसेटीवरून उतरवलेली, एक हँडीकॅमची, एक फोनमधली, आणि त्या कन्सोलला लावून बघा. दुकानात जाण्याची घाई त्यानंतर करा.