आगाऊ नोंदणी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या अकरावीतल्या मुलाने एका आगामी व्हिडिओ गेमच्या आगाऊ नोंदणीसाठी पैसे मागितले. गेम यायला तीन महिने अवकाश होता. आत्ता पैसे भरणाऱ्याला नायकासाठी खास चिलखत मिळणार होते, नंतर घेणाऱ्याला नाही. न पाहिलेल्या वस्तूचे पैसे कोणी देते काय, असे मी प्राध्यापकी थाटात विचारले. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमच्या पुस्तकाचे लोकांनी दिले होते ना?"

दिले होते. बारा वर्षांपूर्वी माझा समीक्षालेखांचा संग्रह निघायचा होता. आगाऊ ग्राहक मिळाल्याशिवाय छपाई परवडणार नाही, असे प्रकाशकांचे म्हणणे पडले. मग मीच एक लांबट वही घेऊन ६४ जणांकडून प्रकाशनपूर्व सवलतीचे पैसे गोळा केले. गुढीपाडव्याला येणारे पुस्तक १९ महिने उशिरा आले. वहीतले पहिले नाव शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या सरांचे होते. प्रत घेऊन पंचवटीतल्या त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सरांना जाऊन चार महिने झाले होते.

मुलाच्या प्रश्नाने मला निरुत्तर केले खरे. पण या दोन नोंदण्या एकच आहेत का, हा विचार मनातून जाईना.

मराठी ग्रंथव्यवहार मोठ्या प्रमाणावर आगाऊ विश्वासावर उभा राहिला आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी १९१६ साली नागपुरात मर्यादित जबाबदारीची कंपनीच काढली. भागधारक आणि वर्गणीदार यांच्या बळावर २३ खंडांचे ते काम तडीस गेले. कागद, छपाई, बांधणी यांना रोख भांडवल लागते आणि किती प्रती काढाव्यात याचा अंदाजही लागतो. आगाऊ नोंदणी या दोन्ही गरजा भागवते. वाचकाला मिळणारी सवलत ही त्याने पत्करलेल्या जोखमीची किंमत असते.

दुकानातून गेमच्या तबकड्या विकल्या जात, तोवर तिथेही हेच खरे होते. आता गेम थेट संगणकावर उतरवून घेतला जातो. त्याच्या प्रती संपत नाहीत. मग आधी पैसे भरण्याची निकड कुठून येणार? ती निर्माण करावी लागते, आणि चिलखत त्यासाठीच असते. २०१५ साली 'डिअस एक्स : मॅनकाइंड डिव्हायडेड' या गेमच्या नोंदणीत तर जितके लोक पैसे भरतील तितकी बक्षिसांची पायरी वर चढेल, अशी योजना होती. खेळणारेच संतापले आणि काही आठवड्यांत ती मागे घ्यावी लागली.

दुसरा वाद पुरवणीचा. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला वेगळे विकले गेले, तेव्हा लोक हसले. पुढे तीच रीत झाली. २०१२ साली 'मास इफेक्ट ३' बाजारात आला त्याच दिवशी त्यातले एक महत्त्वाचे पात्र निराळ्या किमतीला विकायला ठेवलेले होते. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की विद्यार्थी पुरवणी मागतो. मूळ पत्रिकेतली चार पाने आधीच फाडून ठेवून तीच पुरवणी म्हणून जोडणारा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. आक्षेप पुरवणीला नाही, फाडलेल्या पानांना आहे. कंपन्या म्हणतात, हे काम मूळ गेम पुरा झाल्यावर वेगळ्या खर्चाने केलेले असते. काही वेळा ते खरेही असेल. पण ग्राहकाला ते तपासता येत नाही. त्याच्या हाती उरतो तो विश्वासच.

आणि विश्वास हेही भांडवलच. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने २०१५ साली 'द विचर ३' च्या १६ छोट्या पुरवण्या फुकट दिल्या आणि खेळणाऱ्यांची मने जिंकली. त्याच संस्थेच्या 'सायबरपंक २०७७' साठी ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरले. डिसेंबर २०२० मध्ये तो गेम जुन्या प्लेस्टेशनवर धड चालेना, तेव्हा सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुढे संस्थेने गेम चिकाटीने दुरुस्त केला. पण जमवलेली पुण्याई एका आठवड्यात खर्ची पडली होती.

हे सगळे मी मुलाला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि गेम आल्यावर परीक्षणे वाचून ठरवीन, असे म्हणाला. मला जिंकल्यासारखे वाटायला हवे होते. तेवढ्यात त्याने विचारले, "तुमच्या वहीतल्या सगळ्यांना पुस्तक मिळालं का?"

वही काढली. तीन नावांपुढे अजून खूण नाही. पत्ते बदलले, पाठवलेल्या प्रती परत आल्या, आणि नंतर मी शोध सोडून दिला. कोणी पैसे मागायला आले नाही, म्हणून देणे फिटले असे मी धरून चाललो होतो.

त्यातला एक पत्ता देवळाली कॅम्पातला आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे तिथे जाणार आहोत.