वर्षाचे चार सेकंद

चिखली तालुक्यातल्या आमच्या शेतात गेल्या हिवाळ्यात मी एक छोटं यंत्र बसवलं. हरभऱ्याच्या मातीतली ओल मोजायची आणि रोज रात्री नऊला बाबांना मेसेज पाठवायचा, एवढंच त्याचं काम. ओल पुरेशी असली, की रात्रीच्या लाइनवर मोटर लावायला उठायचं कारण नाही.

चौथ्या दिवशी मेसेज आलाच नाही. रात्री दोन वाजता बाबा बॅटरी घेऊन शेतात गेले. माती ओलीच होती. सकाळी फोनवर म्हणाले, "मेसेज नाई आला, म्हून गेलतो पाहाले." आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

चूक माझ्या कोडमध्ये होती. वीज वाचावी म्हणून मायक्रोकंट्रोलर बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याचं मुख्य घड्याळही बंद असतं. जाग आली की तो आधी आतल्या आरसी ऑसिलेटरवर चालतो. हा काही मायक्रोसेकंदांत तयार होतो, पण थोडा मागेपुढे धावतो. अचूक वेळ देतो तो क्वार्ट्झचा क्रिस्टल. त्याचं कंपन सर्किटमधल्या सूक्ष्म विद्युत गोंगाटातून सुरू होतं आणि हळूहळू वाढतं. धरलेली लय तो सहज सोडत नाही, म्हणून अचूक; आणि नवी लय पटकन धरत नाही, म्हणून सावकाश. मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला काही मिलिसेकंद पुरतात. घड्याळातल्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलला कधीकधी एक सेकंदही लागतो.

माझा कोड मोजून दोन मिलिसेकंद थांबायचा आणि मोडेमशी बोलायला लागायचा. घरी टेबलावर ते चाललं. शेतात डब्यात दमटपणा शिरला, बोर्ड ओलावला आणि क्रिस्टलला उशीर झाला. बोलण्याचा वेग क्रिस्टलच्या हिशेबाने ठरवलेला, घड्याळ मात्र अजून दुसरंच. अक्षरं विस्कटली, मोडेमला काही कळलं नाही.

क्रिस्टल स्थिर झाला, हे सांगणारा एक बिट चिपमध्येच असतो. आता कोड त्याची वाट पाहतो, जास्तीत जास्त दहा मिलिसेकंद. तेवढ्यात क्रिस्टल उठला नाही, तर आतल्या घड्याळाचा हिशेब धरून मेसेज जातो.

ही वाट मी बॅटरी वाचवायला टाळली होती. नंतर हिशेब केला. रोज दहा मिलिसेकंद म्हणजे वर्षाचे चार सेकंदही होत नाहीत. तेवढ्यासाठी बाबांची एक रात्र गेली.